रोज ठरावीक वेळी नेट जातंय? मोडेम बंद-चालू करण्याआधी हे बघा

अंबाजोगाई, केज, धारूर, परळी या आमच्या पट्ट्यात नेटची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "सर, नेट येतंय-जातंय." पूर्ण बंद पडलेलं कनेक्शन परवडलं. वायर कुठं तुटली ते सापडतं, जोड मारला की काम संपतं. येतं-जातं हा प्रकार मात्र रडकुंडीला आणतो, कारण लाइनमन दारात उभा असतो तेव्हा नेमके सगळे दिवे हिरवे असतात. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून दाखवतो, चहा घेतो आणि निघतो. रात्री पुन्हा तेच.

असा दोष पकडायचा तर नेट कधी जातं याची नोंद हवी. पाऊस पडल्यावर, लाईट आल्यावर, भर दुपारी, रात्री आठनंतर, महिनाअखेरीला, की फोनची रिंग वाजली की? यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या जागेकडे नेतं. मोडेमशेजारी एक कागद चिकटवा आणि त्यावर वेळ, त्या क्षणी कोणता दिवा विझला किंवा लाल झाला, आणि घरात लाईट होती का, एवढंच लिहीत जा. आठवडाभराचा असा कागद समोर ठेवला की लाइनमनही जरा थांबून बोलतो. दर वेळी डबा बंद-चालू करत राहिलं तर हाती काहीच लागत नाही. कस्टमर केअरवाले तेच करायला सांगतात, कारण तेवढ्यावर त्यांना फोन ठेवता येतो.

आधी घरातलं वायफाय बाजूला काढा

नेट गेलं म्हणून आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी बाहेरून नेट व्यवस्थित येत असतं, ते घरातच पोचत नसतं. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं बघा. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या किंवा दगडी भिंती. मोडेम ढाळजेत आणि पोरगं मागच्या खोलीत ऑनलाइन क्लासला बसलेलं. तिथं कोणत्याही कंपनीचा प्लॅन घ्या, सिग्नल मरणारच. पत्र्याच्या खोलीत गत आणखी वाईट, कारण पत्रा लहरी परतवून लावतो.

खात्री करायला लॅपटॉप लॅन वायरीने थेट मोडेमला जोडा. काळी कमांड खिडकी उघडून पिंग (समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड) टाइप करा, तिच्या पुढे १९२.१६८.१.१ हा पत्ता द्या आणि शेवटी उणे चिन्ह व टी लावा म्हणजे ते थांबणार नाही. अक्षरं-आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. काही मोडेमचा पत्ता वेगळा असतो, तो डब्याच्या खालच्या स्टिकरवर सापडेल. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या सर्व्हरला तसंच पिंग लावा. दोन्ही चालू ठेवून आपल्या कामाला लागा. नेट गेल्यावर दुसरी खिडकी थांबली आणि पहिली चालूच राहिली, तर दोष मोडेमच्या पलीकडे आहे. दोन्ही थांबल्या तर मोडेम, त्याचा अडॅप्टर किंवा लॅन वायर. दोन्ही सुरळीत असून फक्त मोबाइलवर नेट नसेल तर वायफाय. आणि ८.८.८.८ उत्तर देतोय पण एकही वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलून बघा. मोडेमच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये मोडेमचा पत्ता टाकला की उघडणाऱ्या पानावर) ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकले की हा त्रास बहुतेक वेळा मिटतो.

वायफायचाच दोष निघाला तर मोडेम मधल्या खोलीत उंचावर आणा, २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडा, आणि माळवदाच्या घरात लांबून रिपीटर लावण्यापेक्षा भिंतीतून एक लॅन वायर मागे ओढा. खर्च कमी आणि काम पक्कं.

दिवे काय सांगतात

मोडेम मुळात दुभाषा आहे. टेलिफोनची तांब्याची जोडी माणसाच्या आवाजासाठी टाकलेली, त्यातून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. कॉम्प्युटरचे शून्य-एक या पट्ट्यात बसतील अशा सुरांत बदलणं म्हणजे मॉड्युलेशन, आणि पलीकडे सुरांतून शून्य-एक परत काढणं म्हणजे डिमॉड्युलेशन. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा नेट याच वाटेने यायचं. पुढे या पद्धतीचा वेग ५६ केबीपीएसवर येऊन अडला. डायल-अप जोडताना जी किरकिर ऐकू यायची, तिच्यात दोन मोडेम एकमेकांची लाइन तपासून वेग ठरवत असत. आजचा डबा ते काम आवाज न करता उरकतो.

हे सांगायचं कारण असं की कनेक्शन कोणतंही असो, मोडेमला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली म्हणजे पलीकडच्या यंत्राशी लाइन जुळणं. याचा दिवा तांब्यावर डीएसएल किंवा लिंक, फायबरवर पॉन. दुसरी म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन होणं. याचा दिवा इंटरनेट नावाचा. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेट विझलेला किंवा लाल असेल तर वायर ठीक आहे. प्लॅन संपला असेल, पासवर्ड बदलला असेल, नाहीतर ऑपरेटरचा लॉगिन सर्व्हर आडवा असेल. अशा वेळी खांबावर चढून उपयोग नाही. उलट पॉन लुकलुकतोय आणि लॉस नावाचा दिवा लाल झालाय, तर प्रकाशच पोचत नाही. मग सेटिंगमध्ये कितीही डोकं घाला. एक गोष्ट मात्र कधीच करू नका: मागच्या बारीक छिद्रात काडी घालून रिसेट. त्याने युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (ऑपरेटरने जोडणीसाठी दिलेला क्रमांक) सगळं पुसतं आणि साधा दोष दोन दिवसांचा होऊन बसतो.

फायबर: प्रकाशाचा हिशेब

आता गावागावांत फायबर आलंय, त्यामुळे यावर जरा जास्त बोलतो. तुमच्या घरच्या डब्याला लोक मोडेमच म्हणतात. तांत्रिक नाव ओएनटी. तो प्रकाशाचं विजेत आणि विजेचं प्रकाशात रूपांतर करतो. ऑपरेटरच्या खोलीतल्या ओएलटी यंत्रातून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. वाटेत वीज न लागता प्रकाश असा वाटून देण्याच्या पद्धतीला पॉन म्हणतात. तिच्या जीपॉन प्रकारात खाली येणारा वेग सगळ्यांत मिळून साधारण २.५ जीबीपीएस, वर जाणारा १.२५ जीबीपीएस. खाली येणारा प्रकाश १,४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १,३१० नॅनोमीटरचा. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून उघड्या फायबरच्या टोकात डोकावू नका.

मोडेमच्या पानावर स्टेटसखाली पॉनच्या माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाचा आकडा असतो. तो उणे असतो, शून्याजवळ जितका तितका प्रकाश जास्त, आणि ३ डीबीने खाली गेला की प्रकाश निम्मा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निवांत राहा. नेहमीच्या उपकरणांची हद्द उणे २७च्या आसपास संपते. उणे २६ वर चाललेलं कनेक्शन आज चालेल, उद्या चालणार नाही. नेमकं असंच कनेक्शन येतं-जातं.

मग आकडा एवढा का पडतो? ओएलटीतून समजा अधिक ३ डीबीएम निघाले. ३२ घरांच्या स्प्लिटरमध्ये साधारण १७ डीबी जातात. फायबरचा स्वतःचा तोटा किलोमीटरला अर्ध्या डीबीपेक्षाही कमी, म्हणजे अंतर हा मुख्य चोर नव्हेच. तीन-चार किलोमीटर आणि काही जोड धरले तरी घरी उणे १७-१८ मिळायला हवेत. आता गल्लीत नवं गिऱ्हाईक आलं, पेटीत पोर्ट उरला नाही, म्हणून ऑपरेटरच्या पोराने तुमच्याच धाग्यावर दोन वाटांचा आणखी एक स्प्लिटर बसवला. साडेतीन डीबी गेले. पुढच्या दिवाळीत अजून एक बसवला, अजून साडेतीन. तुमच्या घरात काहीच बदललेलं नाही, तरी तुमचं नेट काठावर येऊन बसलं. "शेजाऱ्याने नेट घेतल्यापासून आमचं जातंय" असं कुणी म्हणालं की लाइनमन हसतो. हसू नका, बऱ्याचदा ते खरं असतं.

दुसरा चोर म्हणजे घाईचे जोड. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, नंतर कडब्याच्या आणि कापसाच्या गाड्या रस्त्यावरून खाली लोंबणाऱ्या केबली ओढून नेतात. वर बालाघाटातली वानरं केबलीला लटकतात ती वेगळीच. पाइपलाइन किंवा रस्त्यासाठी जेसीबी आला की जमिनीतलं फायबर गेलंच समजा. तुटणं टळत नाही, पण जोड कसा मारला ते महत्त्वाचं. स्प्लायसिंग मशीनने वितळवून मारलेल्या चांगल्या जोडात ०.१ डीबीही जात नाही. हाताने बसवलेल्या फास्ट कनेक्टरमध्ये त्याच्या कितीतरी पट जातो, आणि धूळ-ओल शिरली की वाढत जातो. शक्य असेल तिथं स्प्लायसिंगचाच आग्रह धरा.

घरात स्वतः बघण्यासारखं दोनच गोष्टींत आहे. पांढऱ्या-पिवळ्या पॅच कॉर्डला सहा सेंटिमीटरपेक्षा लहान व्यासाचं वेटोळं नको, कपाटामागे मुडपलेली नको. धागा तुटत नाही पण वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. आणि कनेक्टरचा रंग: हिरव्यात हिरवा, निळ्यात निळा. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं, ते निळ्याच्या सपाट टोकाला नीट टेकतच नाही. असा भलता जोड पेटीत सापडतो आणि सगळे केबल बदलत बसलेले असतात.

एक विचित्र प्रकारही माहीत असू द्या. वर जाताना प्रत्येक ओएनटीला आपापली वेळ ठरवून दिलेली असते. एखादा बिघडलेला डबा वेळ नसताना प्रकाश फेकत राहिला तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरं एकदम अडखळतात. पूर्ण गल्लीचं नेट एकाच मिनिटाला जात-येत असेल आणि सगळ्यांचे आरएक्स आकडे चांगले असतील, तर ऑपरेटरला एकेक घर बंद करून तो डबा शोधायला सांगा.

लाईट आली की नेट जातं

शेजारी परळीला औष्णिक वीज केंद्र, आणि आमच्याकडे लाईट गेल्याशिवाय दिवस मावळत नाही. त्यामुळे ही तक्रार घरोघरी. कागदावर "लाईट आल्यानंतर" असं वारंवार दिसत असेल तर पहिला संशयित अडॅप्टर. बहुतेक मोडेमला १२ व्होल्ट, एक-दीड अँपिअर लागतो. जुना अडॅप्टर मल्टिमीटरवर नुसता मोजला तर बारा दाखवतो, पण चार मोबाइल एकदम जोडले की व्होल्टेज खाली बसतं आणि डबा स्वतःहून रिस्टार्ट होतो. ओळखायचं कसं? नेट जाताना पॉवरसकट सगळे दिवे एकदा विझून परत लागतात. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता तीच. व्होल्टचा आकडा चुकला तर डबा जळू शकतो.

इन्व्हर्टरवर असूनही मोडेम रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टर लाईट बदलताना जो क्षणाचा खंड पडतो त्याने तसं होतं. मागे यूपीएस मोडचा स्विच असेल तर तो लावा, नाहीतर राऊटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या.

इतकं करूनही लाईट गेली की नेट जात असेल तर बाहेरचं यंत्र बघा. लहान ऑपरेटर बऱ्याच ठिकाणी पॉन न टाकता मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा प्रकाश लॅन वायरीत उतरवणारी पेटी) आणि स्विच वापरतात, आणि त्यांना जागोजागी वीज लागते. ही वीज कुणाच्या तरी दुकानातून किंवा माडीवरून घेतलेली असते. केजच्या एका सेवा केंद्राचं नेट रात्री नऊला जायचं आणि सकाळी नऊला यायचं. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत रात्री अर्ज भरायला रांग, आणि नेट बंद. कन्व्हर्टर समोरच्या किराणा दुकानात लावलेला होता, आणि मालक शटर ओढताना मेन पाडून जायचा. केबल, मोडेम, प्लॅन सगळं बदलून झालं होतं. कागदावरच्या दोन वेळा बघितल्यावर कोडं उरलंच नाही.

लाईट आल्यावर पहिली दहा मिनिटं थांबाही. ऑपरेटरची यंत्रं उठतात आणि अख्खं गाव एकाच वेळी लॉगिन मागतं. त्या गर्दीत तुम्ही डबा पुन्हा-पुन्हा बंद केला तर रांगेत परत मागे जाल.

भर दुपारी जाणारं नेट उन्हाळ्यात उकाड्याचं असतं. बहुतेक डब्यांवर ४० अंशांपर्यंतचीच हमी छापलेली असते, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत सेटटॉप बॉक्सवर ठेवलेला डबा ती कधीच ओलांडतो. भिंतीवर पत्र्यापासून खाली, उभा आणि मोकळा लावा. वळवाचा गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर, लॅन आणि फोनची वायर काढून ठेवा. काचेच्या धाग्यातून वीज येत नाही, पण ड्रॉप केबलला, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या केबलला, आधाराची लोखंडी तार असते. ती घराबाहेरच थांबवून घ्या.

तांब्याची लाइन अजून असेल तर

एडीएसएल त्याच फोनच्या जोडीवर आवाजाच्या वरचा पट्टा वापरतं, १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, त्याचा सुधारित प्रकार २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. हा पट्टा सुमारे ४.३ किलोहर्ट्झच्या शेकडो गाळ्यांत वाटलेला असतो आणि मोडेम प्रत्येक गाळ्यात किती माल भरता येईल ते तपासतो. आवाजाचा गोंधळ वाढला की गाळे रिकामे होतात, फार वाढला की लाइन तुटते आणि सगळी तपासणी पहिल्यापासून. मोडेमच्या पानावर नॉइज मार्जिन (गोंधळ वाढला तरी लाइन टिकायला हाती उरलेली जागा) ६ डीबीच्या खाली दिसलं तर तुटणार हे धरून चाला.

आपल्या काळ्या मातीचा इथं थेट संबंध आहे. उन्हाळ्यात जमीन हातभर भेगाळते, पावसात फुगते. जमिनीतल्या केबलीचे जोड ताणले जातात आणि मग त्यात पाणी शिरतं. म्हणून पहिल्या पावसात नेट जातं आणि ऊन पडलं की आपोआप येतं. फोन उचलून एक आकडा दाबा. डायल टोन थांबल्यावर खरखर ऐकू आली तर जोड खराब आहे. तक्रार नेटची देऊ नका, फोनमध्ये खरखर आहे अशी द्या, त्यावर हालचाल लवकर होते. रिंग वाजली की नेट तुटत असेल तर आवाज आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर किंवा फिल्टर बसवलेला नाही. घरातल्या प्रत्येक फोनला तो हवा. शेतातल्या घरी मोटारीचा स्टार्टर पडला की तुटत असेल तर फोनची वायर विजेच्या वायरीपासून दूर घ्या. आणि जोड सापडतच नसेल तर एक्स्चेंजला वेग थोडा कमी करायला सांगा. मार्जिन वाढतं, वेग घटतो, पण नेट टिकतं.

हवेतून येणारं नेट

४जी-५जीच्या डब्यावर रात्री आठ ते अकरा वेग बसत असेल तर तो दोष नव्हे, गर्दी आहे. टॉवरची क्षमता गावभर वाटली जाते. सिग्नलचा आरएसआरपी आकडा उणे ९०च्या आसपास असेल तर ठीक, उणे ११०च्या खाली त्रास ठरलेला. डोंगराआडच्या वस्त्यांत डबा टॉवरच्या दिशेच्या खिडकीत किंवा माडीवर नेला तरी पाच-दहा डीबी सुधारतात. छतावरच्या डिशने येणारं रेडिओ नेट वादळानंतर जात असेल तर डिश हलली आहे. हळूहळू खराब होत गेलं असेल तर मधे कुणाचं झाड किंवा मजला वाढलाय का ते बघा. उंच कक्षेतल्या सॅटेलाइटच्या नेटला ३५,७८६ किलोमीटर वर जाऊन खाली यावं लागतं, त्यामुळे प्रश्न-उत्तराला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागणारच, तिथं मोडेमचा काही दोष नाही. शहरात केबल टीव्हीच्या जाड वायरीवर नेट असेल तर टीव्हीसाठी जोडलेले जादा स्प्लिटर काढून बघा. आणि दर महिनाअखेरीला वेग मरत असेल तर आधी प्लॅनची डेटा मर्यादा वाचा.

लाइनमनला काय सांगायचं

"नेट चालत नाही" असं सांगू नका. "दादा, आरएक्स उणे २६ आहे, मागच्या महिन्यात उणे २१ होता, संध्याकाळी लॉस लाल होतो" असं सांगा. घरातल्या टोकाला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर लावून घ्या आणि मग खांबावरच्या पेटीत. दोन आकड्यांत फार फरक असेल तर दोष ड्रॉप केबलीत. पेटीतच कमी असेल तर तुमच्या घरात काहीही बदलण्याचे पैसे देऊ नका. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्याच्या आधारेच पुढे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. दुरुस्ती झाली असं त्याने म्हटलं तरी ८.८.८.८ची खिडकी त्या रात्रीपर्यंत चालू ठेवा, आणि नेहमीची वेळ टळल्यावरच तक्रार बंद करायला होकार द्या.